कागदावरचा सोबती

लेहला जायला परदेशी माणसाला परमिट लागतं का? लागत नाही. मनालीहून निघा, अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरा, सर्चू-पांग करत लेह गाठा. वाटेतल्या चौक्यांवर पासपोर्ट-व्हिसा दाखवून वहीत नोंद केली की काम झालं. श्रीनगरहून झोजी ला आणि कारगिलमार्गे येणारी वाटही तशीच मोकळी. झंस्करात पदुमला जायचं तरी कुणी परमिट विचारत नाही. परमिटची भानगड सुरू होते ती लेहला पोचल्यानंतर, आणि तीही गाडी कुठल्या बाजूला वळते त्यावरून. उत्तरेला खारदुंग ला चढून नुब्रात, पूर्वेला चांग ला ओलांडून पँगाँगला, आग्नेयेला त्सो मोरीरीला, पश्चिमेला सिंधूच्या काठाने दाह-हनूच्या गावांकडे. या चार दिशांना निघालेल्या परदेशी प्रवाशाला संरक्षित क्षेत्राचा परवाना, म्हणजे पीएपी, काढावा लागतो.

मोटारसायकलवरून हिमालय पाहायला येणाऱ्या परदेशी मंडळींची पहिली फसगत इथेच होते. काहींना वाटतं, सगळा लडाखच बंद आहे. काहींना वाटतं, लेहपर्यंत कुणी विचारलं नाही तर पुढे तरी कोण विचारणार? दोन्ही चूक. सीमाभागाचे नियम राज्यागणिक बदलतात हे एक वेळ समजून घेता येतं. पण इथे ते रस्त्यागणिक बदलतात, आणि एकाच रस्त्यावर कुठल्या टोकाने शिरलात त्यावरूनही बदलतात. शेवटची गोष्ट मी एका जर्मन मित्राबरोबर स्पितीच्या वाटेवर असताना शिकलो. तिच्याकडे नंतर येतो.

या सगळ्याचं मूळ बरंच जुनं आहे. ‘इनर लाइन’ हा शब्द इंग्रजांचा. 1873 च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनने आसामच्या डोंगराळ कडेने एक रेघ ओढली आणि तिच्यापलीकडे ब्रिटिश प्रजेने परवान्याशिवाय जायचं नाही असं ठरवलं. डोंगरातल्या लोकांचं संरक्षण हे त्याचं सांगायचं कारण होतं. चहाचे मळे, रबर आणि हत्तींचा धंदा यांवरून होणारे तंटे आवरायचे, हे खरं कारण. स्वातंत्र्यानंतर रेघ राहिली, तिचा अर्थ बदलला. परदेशी नागरिकांसाठी 1958 साली संरक्षित क्षेत्रांचा आदेश निघाला, 1963 मध्ये प्रतिबंधित क्षेत्रांचा. दोन्ही 1946 च्या फॉरिनर्स अ‍ॅक्टखाली. पहिल्या आदेशानंतर चार वर्षांत 1962 चं युद्ध झालं, आणि कागदावरच्या रेघेला चौक्या, आडवे दांडे आणि वह्या मिळाल्या. 1946 चा कायदा आता गेला. 1 सप्टेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवा आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा आला आहे. संरक्षित क्षेत्राची कल्पना मात्र कायम आहे. कायदा बदलला म्हणून खारदुंगच्या चढावरचा दांडा आपोआप वर झाला, असं काही झालेलं नाही.

लडाख परदेशी पर्यटकांना 1974 मध्ये खुला झाला. तेव्हा खुला म्हणजे लेह आणि आसपासचे गोंपे. नुब्रा, पँगाँग, त्सो मोरीरी ही दारं नव्वदच्या दशकात उघडली आणि तुर्तुक तर थेट 2010 मध्ये. 1971 च्या युद्धापर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात असलेलं हे बाल्टी गाव. आजही परदेशी रायडर तिथे जर्दाळूच्या झाडाखाली चहा पितो तो पीएपीच्या जोरावर. म्हणजे उघडत जाण्याची दिशा एकच होती असं वाटेल. तसं नाही, ते पुढे येईलच.

आता मोटारसायकलवाल्याची खरी अडचण. परमिटच्या या व्यवस्थेच्या डोळ्यांसमोर प्रवासी आहे तो असा: चार-सहा जणांचा गट, एका एजन्सीने लावलेली जीप, स्थानिक ड्रायव्हर, ठरलेली गावं, ठरलेला मुक्काम, आणि आल्या वाटेने परत. मोटारसायकलवाला यातलं काहीच नसतो. तो बहुधा एकटा असतो. ठरवून निघतो आणि वाटेत बेत मोडतो. साखळी तुटते, पंक्चर होतं, नाल्याला दुपारी पाणी चढतं म्हणून रात्र अलीकडच्या गावात काढावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला आल्या वाटेने परत जायचं नसतं. मोटारसायकलच्या प्रवासाची अख्खी भूमिती वर्तुळाची आहे. परमिटची भूमिती काठीसारखी सरळ: जा आणि मागे या.

पँगाँगचंच बघा. सरोवराच्या काठाने स्पांगमिक, मान, मेराक अशी गावं लागतात. मेराकच्या पुढे रस्ता चुशूलकडे जातो, तिथून त्सागा आणि माहे, आणि माहेहून त्सो मोरीरी. नकाशावर हे वर्तुळ इतकं सुबक दिसतं की कुठलाही रायडर त्यावर बोट फिरवणारच. भारतीय रायडर ते पूर्ण करतो. परदेशी परमिटची हद्द मात्र मेराकला संपते. म्हणून तो मागे वळतो, पुन्हा चांग ला चढतो, कारूला उतरतो, उपशीहून सिंधूच्या काठाने माहेला येतो. चुशूलमार्गे हेच अंतर म्हणजे एका दिवसाची रपेट. त्यासाठी त्याचे दोन दिवस आणि दीड टाकी पेट्रोल जातं. चुशूल म्हणजे रेझांग ला, मेजर शैतान सिंग आणि त्यांच्या कुमाऊंच्या जवानांची 1962 मधली लढाई. समोरच्या कड्यांवर 2020 च्या उन्हाळ्यात दोन सैन्यं पुन्हा एकमेकांसमोर उभी ठाकली होती. त्यामुळे तिथे परदेशी माणूस नको, हे मला पटतं. उमलिंग लाच्या 19,024 फुटांवरच्या रस्त्याबद्दलही तेच. जगभरच्या रायडरांना तो खुणावतो, पण डेमचोकच्या बाजूला झुकलेला तो रस्ता परदेशी परमिटात बसत नाही. अशी बंदी स्पष्ट असते, तिच्यात लबाडीला जागा नसते. ‘नाही’ म्हणजे नाही.

लबाडीला जागा मिळते ती ‘हो, पण’ या प्रकारात. त्यातला सगळ्यात मोठा ‘पण’ म्हणजे दोघांची अट.

परदेशी नागरिकाला पीएपी एकट्याला मिळत नाही. किमान दोघं हवेत, आणि अर्ज नोंदणीकृत एजन्सीमार्फत यायला हवा. लडाखात हेच, सिक्कीमच्या संरक्षित भागात हेच, अरुणाचलात बहुतेक वेळा हेच. नियम करणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी असाव्यात. एक, एकटा परदेशी माणूस सीमेवर हरवला तर त्याचा शोध अवघड; सोबत कुणी असेल तर निदान कळवेल तरी. दुसरी, एजन्सी म्हणजे हमीदार. प्रवाशाने काही केलं तर पकडायला एक दुकान, एक परवाना, एक स्थानिक माणूस हातात असतो. दोन्ही कारणं खोटी नाहीत. पण एकट्याने आलेला माणूस यावर काय करतो? परत जात नाही. लेहच्या बाजारातल्या एजन्सीत जातो, आणि एजन्सीवाला दुसऱ्या कुठल्यातरी एकट्याचं नाव त्याच्या शेजारी लिहितो. कधी ते दोघं एकाच गाडीतून खरंच जातात. जीपवाल्यांचं तसं जमतं, भाडंही वाटलं जातं. मोटारसायकलवाल्यांचं जमत नाही. एकाला उद्या तुर्तुकला जायचंय, दुसऱ्याला परवा पँगाँगला. परमिट एक, माणसं दोन, वाटा दोन. चौकीवर विचारलं तर सांगायचं: दुसरा आजारी पडला, लेहलाच राहिला. चौकीवरच्या जवानाने हे उत्तर त्या हंगामात किती वेळा ऐकलेलं असेल, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

इथे माझा आक्षेप आहे, आणि तो नियम कडक आहे हा नाही. तो स्वतःच्याच हेतूवर उलटतो, हा आहे. समजा, वारी ला किंवा अघमच्या आसपास एक रायडर नदीपात्रात घसरला. परमिटाच्या नोंदीत दोन नावं आहेत. शोधायला निघालेली माणसं दुसऱ्यालाही शोधणार. तो त्या वेळी लेहमधल्या हॉटेलात पुस्तक वाचत बसलेला असेल, किंवा आदल्या दिवशी विमानाने दिल्लीला गेलेला असेल. एकट्या माणसाची एकट्याची नोंद असती तर निदान ती खरी असती. आपल्या सुरक्षेसाठी केलेली अट आपल्याच वहीत खोटं लिहून घेते. याहून वाईट सुरक्षा कुठली?

मला हे कळलं ते किन्नौरमध्ये. स्पितीला जायच्या दोन वाटा. एक मनालीहून कुंझुम ला ओलांडून काझाला उतरते. हिच्यावर परदेशी माणसाला परमिट लागत नाही, काझाच नव्हे, खाली धनकर आणि ताबोपर्यंत. दुसरी सिमल्याहून सतलजच्या काठाने वर चढते: नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, पुढे आकपा, स्पिल्लो, पूह, खाब, नाको, चांगो, सुमदो, ताबो. या वाटेवरचा आकपा ते सुमदो हा टप्पा तिबेटच्या सीमेला लागून जातो. खाबला सतलज आणि स्पितीचा संगम आहे, आणि शिपकी ला तिथून हाकेच्या अंतरावर. या टप्प्यासाठी परदेशी माणसाला परवाना लागतो. भारतीयाला लागत नाही; आधारकार्ड पुरतं.

माझा मित्र म्यूनिककडचा, पन्नाशीचा, पेशाने पूल बांधणारा इंजिनियर. मी पुण्याहून माझी गाडी ट्रेनने चंडीगडला पाठवली होती. त्याने चंडीगडलाच भाड्याची हिमालयन मोटारसायकल घेतली: काळी पाटी, पिवळे आकडे. त्याची सगळी कागदपत्रं एका जलरोधक पिशवीत, पिशवीवर अनुक्रमणिका. अनुक्रमणिकेत ‘भारत, संरक्षित क्षेत्र, परवाना’ असा एक रिकामा कप्पा. तो कप्पा किन्नौरमध्ये भरायचा होता. सगळं ठरलं होतं.

खालच्या एका गावातल्या एजन्सीत आम्ही गेलो. टेबलापलीकडच्या तरुणाने पासपोर्ट घेतला, व्हिसाच्या पानाचा झेरॉक्स काढला आणि मला विचारलं, “दूसरा पासपोर्ट?”

मी म्हटलं, मी आहे ना सोबत.

“आप तो इंडियन हैं, सर. आपको परमिट चाहिए ही नहीं. फॉरिनर दो चाहिए.”

म्हणजे दोन माणसं, दोन मोटारसायकली, एकच वाट, एकच मुक्काम. पण कागदाच्या दृष्टीने तो एकटाच. मी गणतीत नाही. आणि मग त्या तरुणाने, अगदी मदत म्हणून, ड्रॉवरमधून एक झेरॉक्स काढला. कुणा न्यूझीलंडच्या बाईंचा पासपोर्ट. त्या दोन दिवसांपूर्वी बसने वर गेल्या होत्या. “इनके साथ डाल देते हैं.” म्हणजे माझ्या मित्राचं नाव अशा बाईंच्या शेजारी येणार, ज्यांना त्याने पाहिलेलं नाही, ज्यांना हे माहीतही नाही, आणि ज्यांच्या पासपोर्टची प्रत एका ड्रॉवरमध्ये पडून आहे. मित्राने विचारलं, यात खोटं काय आहे? मी सांगितलं, सगळंच. तो म्हणाला, मग नको. जर्मन माणसाला खोट्या कागदाची भीती वाटते, असं आपण थट्टेने म्हणतो. त्या दिवशी मला त्याचं कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला, कारण समोर ढग उतरत होते आणि पावसात रस्ता वाहून नेणारा मलिंग नाला पुढे होता.

पोवारीच्या पंपावर टाक्या भरून ठेवल्या होत्या, कारण बरीच वर्षं तिथून निघाल्यावर पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला. त्या भरलेल्या टाक्या घेऊन आम्ही मागे फिरलो. जलोडी जोतवरून बंजारला उतरलो, तिथून मनाली. मधे दीड दिवस पाऊस.

या दोन टोकांमधला फरक पुढे सांगतो. त्याआधी पूर्वेकडे एक नजर टाकायला हवी, कारण तिकडे गणित आणखी वेगळं आहे.

सिक्कीममध्ये शिरायलाच परदेशी माणसाला प्रतिबंधित क्षेत्राचा परवाना लागतो. तो रांगपोच्या नाक्यावर पासपोर्ट-व्हिसाची प्रत आणि फोटो दिला की मिळतो, त्यात फारसा त्रास नाही. त्रास पुढे. त्सोमगो सरोवर, युमथांग यांसाठी वेगळं परमिट, किमान दोघं, एजन्सी, सोबत मान्यताप्राप्त गाइड. नाथू ला परदेशी माणसाला बंद. गुरुडोंगमारही बंद, उत्तरेकडे थांगूच्या आसपास त्याची वाट संपते. परिणाम असा की गंगटोकपर्यंत मोठ्या हौसेने मोटारसायकलवर आलेले बहुतेक परदेशी रायडर तिथे गाडी हॉटेलच्या अंगणात झाकून ठेवतात आणि एजन्सीच्या बोलेरोत मागच्या बाकावर बसून युमथांग बघतात. सिक्कीमच्या अरुंद, भूस्खलनाच्या रस्त्यांवर हे शहाणपणाचंही आहे. पण मग त्याला मोटारसायकलवरचा प्रवास म्हणू नये.

अरुणाचलात परदेशी माणसाचा परवाना साधारण तीस दिवसांचा असतो आणि ठरलेल्या वर्तुळांत फिरवतो: बोमडिला-तवांग, झिरो, आलो, मेचुका. इथे भारतीयालाही इनर लाइन परमिट लागतं, म्हणजे पुणेकर आणि म्यूनिककर दोघांनाही कागद हवा, फक्त नावं वेगळी. सेला बोगदा 9 मार्च 2024 रोजी खुला झाल्यापासून तवांगची वाट हिवाळ्यातही बरीच सुसह्य झाली आहे. पुढे बूम ला भारतीयाला लष्कराच्या परवानगीने. परदेशी माणसाला नाही.

मणिपूर, मिझोराम आणि नागालँडची गोष्ट वेगळी, आणि तीच मघाच्या ‘दिशा एकच नव्हती’चा पुरावा. 2011 च्या सुरुवातीपासून या तीन राज्यांत परदेशी पर्यटकांना पीएपीची सवलत होती. म्यानमारमार्गे मोरे-तामू सीमा ओलांडून दक्षिण-पूर्व आशियात जाणाऱ्या ओव्हरलँडर मंडळींसाठी ही वाट सोन्याची होती. युरोपातून निघालेली गाडी चीन टाळून थायलंडपर्यंत न्यायची हीच मुख्य जमिनीची वाट. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने ती सवलत काढून घेतली. त्यामागे मणिपूरमधली 2023 पासूनची पेटलेली परिस्थिती आणि सीमेपलीकडचं यादवी युद्ध होतं. या निर्णयावर टीका करणं सोपं आहे. पण तेव्हा त्या रस्त्यांवर एकटा परदेशी रायडर सोडणं कुठल्या अधिकाऱ्याला परवडलं असतं, मला सांगा.

परमिटाशिवाय लागणाऱ्या कागदांचीही एक जत्रा असते. युरोपातून स्वतःची गाडी घेऊन आलेला रायडर ‘कार्ने’ घेऊन येतो: हे वाहन तात्पुरतं आलंय, परत जाईल, नाही गेलं तर शुल्क तारणातून कापा, अशी हमी. भारतासाठी हे तारण भरभक्कम असतं. उलट दिशेने, भारतातून इराणमार्गे युरोपला निघालेले आपले रायडर हाच कागद मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून काढतात. 1919 पासूनची ही संस्था. ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही तो मनाली किंवा लेहला भाड्याने घेतो. लेहच्या भाडेवाल्यांचं इथे वेगळंच, सरकारी नसलेलं परमिटखातं आहे: मनाली-दिल्लीच्या काळ्या पाटीची गाडी लेहपर्यंत चालेल, पण तिथून नुब्रा-पँगाँगला न्यायची असेल तर लेहचीच गाडी घ्या. चौकीवर कुणी अडवो न अडवो, खारदुंगच्या वाटेवर स्थानिक भाडेवाले अडवतात. त्यांचं म्हणणंही समजण्यासारखं आहे. हंगाम चार महिन्यांचा, धंदा त्यांच्या गावातला.

तिसरा प्रकार दिल्लीच्या करोल बागेतला. वर्षानुवर्षं परदेशी पोरं तिथे जुनी बुलेट विकत घेतात, सहा महिने भारत फिरतात आणि परत तिथेच विकतात. आरसी बुक बहुधा आधीच्या मालकाच्या नावावरच राहतं, सोबत एक ना-हरकतीचा कागद. सपाटीवर हे खपतं. सीमेवरच्या चौकीत, जिथे पासपोर्टवर एक नाव, परमिटावर दोन नावं आणि आरसीवर तिसरंच नाव असतं, तिथे चहा थंड होईपर्यंत उभं राहावं लागतं.

आणि एक गोष्ट ज्यामुळे चौकीवर नव्हे, थेट कोठडीत जावं लागू शकतं: उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं छोटं यंत्र. युरोप-अमेरिकेतला एकटा रायडर ते हेल्मेटइतकंच आवश्यक समजतो, कारण ज्या दरीत मोबाइलला रेंज नाही तिथून त्याचं एक बटण जीव वाचवतं. भारतात परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांकडे उपग्रह-फोन होता, आणि त्यानंतर ही पकड आवळली गेली. डिसेंबर 2024 मध्ये गोव्यात विमानतळावर परदेशी प्रवाशांना अशाच यंत्रापायी अडवण्यात आलं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की हा नियम फक्त सीमेवरचा नाही. माझ्या मित्राला मी त्याचं यंत्र म्यूनिकलाच ठेवून यायला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, म्हणजे तुमचं सरकार मला एकट्याला जाऊ देत नाही, आणि एकटा असताना हाक मारायचं साधनही ठेवू देत नाही. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आपण स्वतः परदेशी होतो तेव्हा काय होतं, ते पाहू. मुक्तिनाथला महाराष्ट्रातून बसच्या बसेस जातात आणि त्यांच्यामागून मोटारसायकलीही. सोनौलीला भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, भरून गाडी नेपाळमध्ये घेतली की पोखरा, बेनी, जोमसोम, मुक्तिनाथ. इथवर ठीक. मुक्तिनाथच्या पायथ्याशी कागबेनी. तिथून वर जायचं म्हणजे अपर मुस्तांग, आणि तो 1992 पासून परदेशी पर्यटकांना खुला असला तरी प्रतिबंधित. अनेक वर्षं तिथला दर होता पहिल्या दहा दिवसांचे सरसकट 500 डॉलर, अट किमान दोघांची, सोबत एजन्सी आणि गाइड. लो मंथांगपर्यंत रस्ता झाल्यापासून भारतीय रायडरांना वाटतं, व्हिसा लागत नाही म्हणजे परमिटही लागत नसेल. कागबेनीला त्यांचा भ्रम फिटतो. भूतानमध्ये भारतीय प्रवाशाला दर रात्रीचे 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क आणि भारतीय गाडीला दर दिवसाचे 4,500. मोटारसायकलवर आलेल्या पुण्याच्या पोराला हे आकडे ऐकून ‘आम्ही काय परके आहोत का?’ असं वाटतं. हो, आहोत. लेहच्या चौकीवर उभ्या असलेल्या म्यूनिककरालाही नेमकं हेच वाटत असतं.

जगात याचे इतर नमुनेही आहेत. तिबेटात स्वतःच्या गाडीने जाणाऱ्या परदेशी माणसाला चिनी गाइड, तात्पुरती नंबरप्लेट, तात्पुरतं लायसन्स आणि तिबेटचा वेगळा परवाना हे सगळं लागतं. तिथे एकट्या रायडरची कल्पनाच बसत नाही. याच्या अगदी उलट ताजिकिस्तान. ओश ते खोरोग आणि पुढे दुशान्बेपर्यंत जाणारा एम-41, म्हणजे पामीर महामार्ग, गोर्नो-बदाख्शान या स्वायत्त प्रांतातून जातो. त्याला जोडून वाखानचा रस्ता पंज नदीच्या काठाने, समोर अफगाणिस्तान, काही ठिकाणी दगड फेकला तर पलीकडे पडेल इतका. प्रांतात जायला वेगळा परवाना लागतो. पण तो ई-व्हिसाबरोबर घरबसल्या, थोड्याशा जास्तीच्या शुल्कात, आणि एकट्याच्या नावावर. दोघांची अट नाही. 2022 च्या मे महिन्यात तिथे हिंसाचार झाला तेव्हा परवाने काही काळ बंद झाले, मग पुन्हा सुरू झाले. म्हणजे बंद करायचं तेव्हा बंद, उघडं तेव्हा उघडं. मधली ‘कागदावर दोघं दाखवा’ ही पायरी त्यांना लागत नाही. ताजिकिस्तानची राजवट उदार आहे असं कुणी म्हणणार नाही, म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे गेल्या पाच वर्षांत दोन प्रवाह उलट वाहतायत. भारतीयांसाठी सीमा भराभर उघडतेय. ऑगस्ट 2021 पासून लडाखच्या संरक्षित भागात भारतीयाला इनर लाइन परमिटची गरज उरली नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये 4,800 कोटींची व्हायब्रंट व्हिलेजेस योजना मंजूर झाली. लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम आणि अरुणाचलातली 2,967 गावं तिच्या यादीत आहेत, आणि गावात माणूस टिकवायचा तर पर्यटन हवं हे त्यात गृहीत आहे. जानेवारी 2025 मध्ये लष्कराने जुनी रणांगणं पर्यटकांना दाखवणारं ‘रणभूमी दर्शन’ सुरू केलं. जून 2025 मध्ये हिमाचलने शिपकी लाच भारतीय पर्यटकांसाठी उघडला. परदेशी माणसासाठी मात्र परमिटची मुदत सातावरून पंधरा दिवस होणं, एवढाच काय तो लडाखातला दिलासा. पूर्वेला तर उलट पाऊल. मला यात मोठा अन्याय दिसत नाही. सीमा आपली, आपल्या माणसाला आधी दाखवावी, हे बरोबर. पण नाको, हुंडर, मान या गावांतल्या होमस्टेवाल्याला विचारा. भारतीय गर्दी जून-जुलैत येते, एक रात्र राहते, मॅगी खाते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तीन-तीन रात्री राहणारा, ठुकपा मागणारा, जास्त पैसे देणारा पाहुणा बहुधा परदेशी असतो. त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा, चोवीस तासांत भरायचा सरकारी फॉर्म गावातल्या पोराने मोबाइलच्या एका दांडीच्या नेटवर्कवर कसाबसा भरलेला असतो.

मला विचाराल तर बदल फार मोठा लागत नाही. दोघांची अट काढा. तिच्या जागी गाडीचा नंबर, कुठून किती वाजता निघाला, कुठे किती वाजेपर्यंत पोचायला हवा हे लिहा, आणि न पोचल्यास पुढच्या चौकीने मागच्या चौकीला फोन करावा एवढं बंधन घाला. लष्कराच्या गाड्यांचं असंच चालतं. एजन्सी हमीदार राहू द्या, तिला तिची फी मिळू द्या. फक्त तिच्या ड्रॉवरमधून दुसऱ्यांचे पासपोर्ट काढायची पाळी तिच्यावर आणू नका. आणि मुदत संपायच्या दिवशी रस्ता बंद असेल तर ती आपोआप वाढू द्या. ऑगस्ट 2021 मध्ये किन्नौरमधल्या निगुलसरीला दरड कोसळून बसवर आली, 28 माणसं गेली आणि रस्ता बंद पडला. अशा वेळी वरच्या अंगाला अडकलेल्या परदेशी प्रवाशाने परमिटची तारीख मोजत बसावं हे कुठल्याच नियमकर्त्याला अभिप्रेत नसेल.

तर आमची गोष्ट. मनालीहून आम्ही कुंझुम ओलांडून काझाला आलो. लोसरला त्याचा क्लच अडकला, तो एका दुकानदाराने पक्कड आणि तारेने सोडवला. काझाला दुसऱ्या दिवशी सकाळी परमिटच्या खिडकीशी गेलो. अर्ज, दोन फोटो, पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स. मी तयारीत होतो, दोघांच्या अटीवर काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. आतल्या माणसाने कागद पाहिले, विचारलं, “अकेले?” मित्राने मान हलवली. माणसाने शिक्का मारला. एकट्याच्या नावाने, पैसे न घेता, अर्ध्या तासात. काझाच्या टोकाने एकट्याला मिळतं, हे तिथले सगळे ओव्हरलँडर जाणतात, हे मला त्याच संध्याकाळी एका कॅफेत कळलं. रस्ता तोच. चौक्या त्याच. सीमा तितकीच जवळ. फक्त उताराच्या दिशेने.

मित्राने कागदाच्या बारा झेरॉक्स काढल्या आणि पिशवीतल्या रिकाम्या कप्प्यात ठेवल्या. सुमदोला एक दिली, नोंद झाली. चांगोला दोन रात्री राहिलो, कारण मलिंगला खरोखरच रस्ता वाहून गेला होता. चौथ्या दिवशी आकपाला पोचलो. पाऊस थांबलेला, दांडा आडवा. जवानाने शेवटची झेरॉक्स घेतली, वहीच्या रकान्यात नाव, देश, पासपोर्ट क्रमांक लिहिला. मग पानं उलटून दहाबारा दिवस मागे गेला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्या मित्राकडे पाहिलं. न्यूझीलंडच्या बाईंचं नाव होतं ते. वर जाताना नोंदलेलं. त्यांच्या शेजारी दुसरं नाव होतं, कुणा इटालियन पुरुषाचं, आणि शेरा: एक बीमार, नहीं आया.

“आप अकेले हैं?” त्याने विचारलं.

“अकेला,” मित्र म्हणाला. एवढं हिंदी त्याला येत होतं.

जवानाने सही घेतली आणि दांडा वर केला.